तिसऱ्या बाकावरच्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम जय ख्रिस्त.

गेल्या रविवारी आशीर्वचन झाल्यावर माझ्या सासूबाईंना चर्चमधलं प्रवचन त्यांच्या अहिराणीत समजावून सांगितल्याबद्दल मी दाराशी थांबून तुमचे आभार मानायला गेले. "त्यात काय एवढं," म्हणत तुम्ही रिक्षात बसून गेलातसुद्धा. तोंडावर तुम्ही ऐकून घेणार नाही, म्हणून लिहिते. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण धुळ्या-नंदुरबारपासून जळगावपर्यंत कितीतरी मंडळ्यांत माझ्या सासूबाईंसारख्या म्हाताऱ्या दर रविवारी मागे भिंतीला टेकून बसलेल्या असतात. त्यांच्या शेजारी कुणीतरी बसायला हवं.

मी नगरकडची. तिकडे मिशनचा वारसा जुना. रेव्हरंड टिळकांची भजनं आम्हाला पाळण्यातच ऐकायला मिळाली, शब्बाथ शाळेत वचनं पाठ केली, पवित्र शास्त्राची मराठी घरातलीच वाटायची. लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा अहिराणी नीट कळायची नाही, पण चर्चमध्ये मला काहीच अडलं नाही. उपासना मराठीत, गीतं ओळखीची, पाळकसाहेबांचा संदेश, म्हणजे प्रवचन, शुद्ध आणि मुद्देसूद. कुणाला यातलं काही कळत नसेल, असा विचारच कधी मनात आला नाही.

सासरे गेल्यावर आत्या (सासूबाईंना मी आत्या म्हणायचे) गाव सोडून आमच्याकडे राहायला आल्या. अक्षरओळख नव्हती. जन्म सगळा अहिराणीत गेला. गावात चर्चची इमारत नव्हती. लिंबाखाली सतरंजी टाकून प्रचारक बोलायचे आणि तेही अहिराणीत. इथे आल्यावर त्या दर रविवारी धुतलेलं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी तयार असायच्या. घंटेआधी पोचायच्या, डोक्यावर पदर घेऊन बसायच्या आणि संदेश सुरू झाला की डोळे मिटायच्या. मला वाटायचं, वय झालंय, डुलकी लागते. दोन वर्षं मी हेच समजत होते. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तुम्ही मात्र एकाच रविवारात ओळखलंत. नुकत्याच निवृत्त होऊन गावातली जिल्हा परिषदेची शाळा सोडून शहरात आला होतात. तिसऱ्या बाकावर आमच्या शेजारी जागा होती. संदेशात "तारण" हा शब्द आला आणि आत्यांनी हळूच विचारलं, "कोनी जमीन?"

मला प्रश्नच कळला नाही. तुम्हाला कळला. त्या रविवारी उपासनेनंतर तुम्ही त्यांच्याशी अर्धा तास बोलत बसलात आणि मग मला बाजूला घेऊन सांगितलंत. आमच्या सासऱ्यांची जमीन एकदा कर्जासाठी तारण होती. ती सोडवायला त्यांची उमेदीची वर्षं गेली. आत्यांच्या लेखी तारण म्हणजे गहाणखत, अंगठा, तारीख चुकली की घरी येणारा माणूस. ख्रिस्ताने केलेल्या उद्धाराला गावचे प्रचारक "सुटका" म्हणायचे. शहरात तोच शब्द "तारण" झाला आणि आत्यांना दर रविवारी वाटायचं की इथे कुणाची तरी जमीन अडकलीय आणि त्यासाठी सगळे मिळून प्रार्थना करताहेत. त्या मनापासून त्या अडलेल्या कुटुंबासाठी प्रार्थना करायच्या. डोळे त्यासाठी मिटलेले असायचे, बाई. मी शेजारी बसून त्याला डुलकी म्हणत होते.

पुढच्या रविवारपासून तुम्ही आत्यांच्या आणि माझ्या मधे बसायला लागलात. पाळकसाहेब दोन वाक्यं बोलायचे, तुम्ही त्यांच्या कानाशी एक बोलायचात. सगळं नाही. मी लक्ष देऊन ऐकायचे तेव्हा कळायचं की तुम्ही पुष्कळ गाळताय आणि जे ठेवताय ते त्यांच्या हातात बसेल असं करून देताय.

बायबलमधलं रूथचं पुस्तक तर मी तुमच्यामुळेच नव्याने वाचलं. चार अध्याय, चार रविवार. पहिल्या रविवारी मवाब कुठे, बेथलेहेम कुठे, दुष्काळ का पडला, हे बरंच झालं. तुम्ही आत्यांना एवढंच सांगितलंत की एक विधवा सासू आहे, दोन विधवा सुना आहेत आणि सासू म्हणते, पोरींनो, आपापल्या माहेरी जा. एक गेली, एक राहिली. जी गेली तिला पुलपिटावरून जरा बोल लागतो, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. तुम्ही आत्यांना सांगितलंत, ती रडत गेली आणि सासूच्या शब्दाला मान देऊन गेली, तिला दोष देऊ नका. मला ते फार पटलं. त्या गेलेल्या सुनेबद्दल, ऑर्पाबद्दल, इतक्या मायेने बोललेलं मी आधी कुठे ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी सरवा आला. सासूबरोबर राहिलेली सून रूथ सातूच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचायला जाते. शास्त्रवाचनात हा शब्द कानी पडला आणि आत्या सरळ होऊन बसल्या. "सरवा" तुम्हाला समजावून सांगावा लागलाच नाही. भुईमूग उपटून झाल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा, कापसाच्या शेवटच्या वेचणीनंतर बोंडांत अडकलेला कापूस, हे सगळं त्यांनी आयुष्यभर केलेलं. कुठल्या बांधावरून हाकललं आणि कुठल्या शेतात पाणी पाजलं, तेही त्यांच्या लक्षात होतं. लेवीय पुस्तकात नियमच आहे की शेताचे कानेकोपरे कापू नका, पडलेलं वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. तुम्ही हे सांगितल्यावर त्यांनी तुमचा हात धरला. सरवा ही भीक नाही, देवाने ठेवलेला वाटा आहे, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कुणी सांगितलं.

मग शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम थोडी कणसं गाळा आणि तिला धमकावू नका. आत्या अख्ख्या उपासनेत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तो भला मानूस व्हता!" पुढच्या बाकावरच्या मुली वळून पाहायला लागल्या. दुपारच्या जेवणात रूथला भाजलेलं धान्य मिळतं, ते तुम्ही दादरचा, म्हणजे ज्वारीचा, हुरडा म्हणून सांगितलंत. पाळकसाहेब म्हणाले, तिने एफाभर सातू नेले, म्हणजे सुमारे २२ लीटर. तुम्ही हाताने दाखवलंत, एका बाईला डोक्यावर पेलेल एवढं वझं. आणि जेवून उरलेलं तिने सासूसाठी राखून नेलं, हे ऐकल्यावर आत्यांनी तुमच्यापलीकडे वाकून माझ्याकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत. आमच्यात तोवर फारसं बोलणं नसायचं, भाषेमुळे म्हणा, स्वभावामुळे म्हणा. त्या दुपारी त्यांनी मला शेजारी बसवून कळण्याच्या भाकरी थापायला शिकवल्या.

तिसरा रविवार मला नीट आठवत नाही, घरात आजारपण होतं. चौथा आठवतो. वेशीपाशी दहा वडील बसलेत आणि बवाज मेलेल्या माणसाचं वतन सोडवून घेतोय. साक्ष म्हणून जोडा काढून देण्याची रीत होती, हेही तुम्ही गाळलं नाहीत. आत्या श्वास रोखून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "मंग सुटनी का जमीन?" तुम्ही म्हणालात, सुटली, आणि गेलेल्याचं नाव पुसलं गेलं नाही. मग त्याच ओघात सांगितलंत की पाळकसाहेब ज्याला तारण म्हणतात तेही असंच आहे: जवळच्या नात्यातला एक जण पुढे येतो, आपल्याकडून न फिटणारं स्वतः फेडतो आणि आपल्याला सोडवून नेतो. दोन वर्षं ज्या शब्दाला आत्या भ्याल्या, तो शब्द त्या दिवशी त्यांचा झाला. घरी आल्यावर त्या ओट्यावर बसून बराच वेळ रडल्या. ते रडणं दुःखाचं नव्हतं.

सगळ्यांना हे आवडलं नाही, हेही लिहायला हवं. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी तुम्हाला सगळ्यांसमोर सुनावलं की संदेशाच्या वेळी कुजबूज नको, पवित्र जागेचा मान राखा. तुम्ही उलट बोलला नाहीत. पुढच्या रविवारी आत्यांना घेऊन सगळ्यात मागे जाऊन बसलात. पाळकसाहेबांनी ते पाहिलं आणि त्या दिवशी ठरलेला शास्त्रपाठ बाजूला ठेवून नहेम्याचा आठवा अध्याय काढला. शास्त्री एज्रा लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, लोकांमध्ये फिरून त्याचा अर्थ उलगडून सांगतात, तेव्हा ते लोकांना समजतं. पाळकसाहेब म्हणाले, एज्राचं काम मी करतो, लेव्यांचं काम मागच्या बाकावर चाललंय, त्यांनी पुढे यावं. तुम्ही आलात. ते वडीलधारे गृहस्थच सरकून तुम्हाला जागा देत होते, हेही मी पाहिलं.

पंडिता रमाबाई मूळ इब्री (हिब्रू) आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या, ५ एप्रिल १९२२ला देवाघरी जाईपर्यंत. खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत ते असावं, हा त्यांचा ध्यास होता. मी हे शाळेत असल्यापासून ऐकलंय, उपासनेत त्यांच्यासाठी उपकारस्तुतीही केलीय. पण तो ध्यास म्हणजे रोजच्या कामात नेमकं काय, हे तुम्हाला पाहून कळलं. एकेका शब्दापाशी थांबायचं आणि विचारायचं, हा हिच्या घरात शिरेल का?

आत्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा चर्चला जाणं संपलं. मग तुम्हीच घरी यायला लागलात. दर रविवारी चार वाजता. धुळ्यातला मे महिना काय असतो ते मी सांगायला नको. डोक्यावर ओला रुमाल टाकून तुम्ही शेअर रिक्षाने यायचात आणि पाणी पिऊन आधी त्यांच्या खाटेशी बसायचात. सकाळचा संदेश दुपारी आमच्या घरात पुन्हा व्हायचा, अहिराणीत, मधेमधे आत्यांच्या प्रश्नांसकट. शेजारच्या दोन आज्या, ज्या ख्रिस्ती नाहीत, त्याही उधळ्या मुलाची गोष्ट ऐकायला दारात येऊन बसल्या होत्या. धाकटा आंडोर (मुलगा) घरी परत आला आणि बाप म्हातारपणी धावत सुटला, तिथे तिघींनीही डोळे पुसले.

गेल्या पावसाळ्यात आत्या गेल्या. शेवटचे आठ दिवस त्या फारसं बोलत नव्हत्या, पण तुम्ही तेविसावं स्तोत्र तुमच्या पद्धतीने म्हणायला लागलात की ओठ हलायचे.

त्यानंतर तुम्ही तुमची दोनशे पानी वही मला दिलीत. मी ती रोज थोडी वाचते. डावीकडे संदेशातला शब्द, उजवीकडे त्याच्यासमोर शब्द नाहीच, एखादा प्रसंग. "मध्यस्थ" समोर बांधाच्या भांडणात दोन भावांच्या मधे बसलेला माणूस. "अनुग्रह" समोर दुष्काळात न विचारता आपल्या विहिरीवर पाणी भरू देणारी बाई. "नीतिमत्त्व" समोर जागा कोरी आहे आणि तीन प्रश्नचिन्हं. ती कोरी जागा मला फार मोलाची वाटते, बाई. कळल्याशिवाय तुम्ही काही सांगितलं नाहीत.

आता तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी दुसऱ्या एक आजी बसतात. शिरपूरकडच्या, लेकीकडे राहायला आल्यात. माझी अहिराणी अजून मोडकी आहे, त्या अधूनमधून माझे शब्द दुरुस्त करतात आणि मग अर्थ त्यांचा त्यांनाच लागतो. कुणी कुजबूज म्हणत नाही.

तुमचे उपकार कसे फेडावेत हे मला कळत नाही, म्हणून आणखी एक मागते. येत्या रविवारपासून पाळकसाहेब योनाचं पुस्तक घेणार आहेत. मासा मी सांगेन, वादळ सांगेन. पण आजींनी समुद्र पाहिलेला नाही, आणि योना ज्यात बसून पळतो ते दूरच्या तार्शीशला जाणारं गलबत त्यांना कसं दाखवायचं ते मला सुचत नाही. वहीत शोधलं, नाही सापडलं. घंटेआधी पंधरा मिनिटं लवकर याल का? मी जागा धरून ठेवते.

तुमच्याच बाकावरची,
आत्यांची सून