आणखी दोन वर्षं

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर सांगणार होते. पण बाबा नुसतं "बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि मग आईचा आवाज बदलतो, म्हणून लिहितेय. इथलं काम मी आणखी दोन वर्षांसाठी घेतलं आहे. सही परवाच केली. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, कळतंय मला.

आई, मी सातव्या महिन्यात झाले ते त्या जिन्यामुळे, असं तू अजून मनात धरून बसली आहेस. म्हणून हे नीट वाच. पोटात पूर्ण दिवस काढलेल्या बाळाच्या मूत्रपिंडातल्या गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, साधारण 36व्या आठवड्यापर्यंत बनून होतात. पुढे जन्मभर नवीन एकही नाही. लवकर आलेल्या बाळात मात्र त्या जन्मानंतरही सुमारे 40 दिवस बनत राहतात. म्हणजे तुझा सव्वा महिनाच गं! तू वाटी-चमचा घेऊन काचेच्या पेटीबाहेर बसायचीस, तेव्हा आत माझ्या गाळण्या घडत होत्या.

उंदराच्या पिल्लांत हे जन्मानंतर तीन-चार दिवस चालतं, म्हणून माझे दिवस त्यांच्यात जातात. सिक्स2 हे जनुक चालू असेतो मूळपेशींचा साठा टिकतो. ते मालवलं की उरलेल्या सगळ्या पेशी गाळण्या व्हायला धावतात आणि साठा संपतो. लिन28बी हे दुसरं जनुक थोडं जास्त चालू ठेवलं तर पिल्लांत हे काम लांबतं. फार ताणलं तर मूत्रपिंडात गाठ होते. नेमकं किती पुरे, यावरच आम्ही अडलो आहोत. पेटीतल्या बाळांसाठी हे कळायला हवं. अर्धवट टाकून यायला जीव होईना.

माझी काळजी नको. खोली उबदार आहे, कुकर आहे, गोडा मसाला फ्रीजरमध्ये जपून ठेवलाय. ताप आला की तेवढा कपाळावर आईचा हात हवासा वाटतो.

बाबा, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर दुखण्याच्या गोळ्या आणायच्या नाहीत, त्या मूत्रपिंडाला बाधतात. क्रिएटिनिनचा रिपोर्ट आला की फोटो मला लगेच. लोणचं बंद. बरं, रविवारी एक फोड.

मेमध्ये तीन आठवडे येतेय, तिकीट काढलंय. तोवर जिन्याला कठडा लावून घ्या. पैसे पाठवलेत.

तुमची,
चिमी