ताई, आता क्रमांक लागतो

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

काल बी विंगमधल्या काकांनी माझ्यासमोर मोबाईलवर आपल्या सोसायटीची विकी, म्हणजे रहिवाशांनीच लिहायची वेबसाइट, उघडली, हॉस्पिटलच्या नावावर बोट ठेवलं आणि पलीकडे रिंग वाजली. हे तुम्हाला कळवायचं होतं, तेही सगळ्यांच्या देखत.

पंधरा दिवसांपूर्वी रात्री अकरा वाजता याच काकांनी हाच क्रमांक दाबला होता. काकूंना धाप लागली होती आणि फोनवर उमटलं नुसतं +९१. शेवटी मुलाने गाडी काढली. काकू आता बऱ्या आहेत, पण 'उपयोगी क्रमांक' हे पान मी लिहिलेलं, त्यामुळे त्या रात्री माझा डोळा लागला नाही.

सकाळी तुम्हाला नाशिकला फोन केला. पान तुम्ही स्वतः दहा मिनिटांत दुरुस्त केलं असतंत. पण दीड तास फोनवर थांबून तुम्ही ते माझ्या हातून करून घेतलंत. आपली विकी ज्या मीडियाविकी सॉफ्टवेअरवर चालते, त्यात चौकोनी कंसात पहिली मोकळी जागा आली की दुव्याचा पत्ता तिथेच संपतो आणि पुढचं सगळं त्याचं नाव ठरतं. क्रमांक वाचायला सोपा जावा म्हणून मी ९१ नंतर जागा सोडली होती. घोळ तिथेच होता! तुम्ही सांगितलंत तसं लिहिलं: 'टेल', दोन टिंबं, +९१, मग पुण्याच्या ०२० मधलं पहिलं शून्य गाळून २०, मग आठ आकडे, सगळं सलग. ते आकडेही इंग्रजीच. मराठी आकडे पुढे, लोकांना दिसणाऱ्या नावात. शून्य गाळायचं मला कधीच सुचलं नसतं.

ईमेलच्या आधी 'मेलटू' लावायचं, वेबसाइटला एकच कंस आणि आपल्याच विकीतल्या पानाला दुहेरी, हे पटकन जमलं.

मनात राहिली ती तुमची दुसरी गोष्ट. मी दुव्यांना 'येथे क्लिक करा' अशी नावं दिली होती. तुम्ही म्हणालात, ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन पानावरचे दुवे एकामागून एक वाचून दाखवतो; त्यांना बारा वेळा 'येथे क्लिक करा' ऐकून काय कळणार? आपल्या तळमजल्यावरच्या आजी तसाच फोन वापरतात, हे मला ठाऊक होतं आणि तरीही लक्षात आलं नव्हतं. आता प्रत्येक दुव्याला जिथे तो जातो तिथलं नाव आहे. परवा आजींनी स्वतः वीज तक्रारीचा क्रमांक शोधून लावला.

ताई, तुम्ही इथून जाऊन तीन वर्षं झाली, तरी आमच्यासाठी दीड तास दिलात. मनापासून आभार.

गॅस एजन्सीचं पान अजून उरलंय. ते आज रात्री मी एकटी करणार आहे, झलक पाहून मगच जतन करीन.

तुमची,
ए विंगमधली शेजारीण