चष्म्याच्या दुकानातल्या दादा, नवीन चष्मा न विकल्याबद्दल मनापासून थँक्यू

दादा, नमस्कार. मी ती वाघोलीची, सप्टेंबरमध्ये संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या टायमाला आलेली, दोन दिवाळी अंकांचं प्रूफरीडिंग घेऊन बसलेली आणि डोळ्यांसमोर धुकं येतंय म्हणून रडवेली झालेली. तुमच्या लक्षात असेल नसेल माहीत नाही पण मला तुमचे आभार मानायचे होते आणि ते चारचौघांत मानायचे होते म्हणून हे लिहितेय.

मला खरंच वाटलं होतं की नंबर वाढला. आमचं काम म्हणजे सगळा खेळ टिंबांचा, एका कथेत 'मद' होतं तिथं मला 'मंद' दिसलं आणि दुसरीकडे खरोखरचा अनुस्वार पुसट झाला म्हणून निसटला, संपादक मॅडमनी फोन करून विचारलं बरं आहे ना सगळं, तेव्हा मात्र पोटात गोळा आला. तुम्ही मशिनवर डोळे तपासलेत, नंबर तोच, मायनस पावणेदोन. अँटीग्लेअर काच, ब्लूकट काच, काहीही गळ्यात मारू शकला असता आणि मी त्या क्षणी निमूट पैसे काढून दिले असते. पण तुम्ही विचारलंत, ताई, लॅपटॉपची स्क्रीन कशानं पुसता?

मग मी सगळं सांगितलं. गणपतीच्या आधी साफसफाई काढली तेव्हा खिडक्यांच्या काचेचा स्प्रे स्क्रीनवरच मारला, त्याचे पट्टे उठले म्हणून घरात पडलेलं सॅनिटायझर लावलं, ते चिकट झालं म्हणून ओल्या टिश्यूनं पुसलं आणि शेवटी नळाच्या पाण्याचं फडकं फिरवलं. तुम्ही मध्ये एकदाही टोकलं नाहीत, सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात की तुम्ही डाग काढत नव्हता, थरावर थर चढवत होता. सॅनिटायझरमध्ये हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन असतं, ते उडून जात नाही, तिथंच बसतं. टिश्यूत पण त्वचेसाठी घातलेलं असं काहीबाही असतं. आणि आमच्याकडचं पाणी तर टँकरचं नाहीतर बोअरचं, बादलीला आणि नळाच्या तोंडाला जे पांढरं खरखरीत बसतं तेच क्षार स्क्रीनवर थेंब वाळला की गोल कडा धरून बसतात. हे मला कधी डोक्यातच आलं नव्हतं, बादली मी दर रविवारी घासते तरी!

फडक्याचं पण तुम्हीच पकडलंत. मायक्रोफायबरच होतं माझं, पण मी ते कपड्यांसोबत मशिनला लावून वर कंडिशनर टाकत होते, तर कंडिशनरचा तेलकट थर त्या धाग्यांवर चढतो आणि मग फडकं पुसत नाही, फासतं. हा शब्द तुमचा आहे, मी आता घरात सगळ्यांना ऐकवते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मी काउंटरवरची लेन्स क्लीनरची बाटली उचलली तर तुम्ही ती परत ठेवायला लावलीत. चष्म्याच्या काचेला चालतो म्हणून मॅट स्क्रीनला चालेलच असं नाही, आधी कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघा आणि सुरुवात डिस्टिल्ड वॉटरनं, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्यानं करा, इन्व्हर्टरच्या दुकानात मिळतं, फक्त नीट सांगून घ्या, पाणी हवंय, ॲसिड नको. मी 5 लिटरचा कॅन आणला, सीलबंद, लेबल दोनदा वाचून.

रात्री लॅपटॉप पूर्ण शटडाऊन केला, चार्जर काढला, अर्धा तास गार होऊ दिला. बंद काळ्या स्क्रीनवर मोबाईलचा टॉर्च तुम्ही सांगितला तसा आडवा धरला आणि दादा, मी बघतच राहिले. वरून खाली गेलेले स्प्रेचे ओघळ, मधोमध माझ्याच हाताचे गोल फराटे, खालच्या पट्टीजवळ वाळलेल्या थेंबांची रांग. एवढ्या सगळ्यातून मी दीड महिना अनुस्वार शोधत होते.

आधी नवीन कोरड्या फडक्यानं धूळ काढली, नाहीतर तीच धूळ घासली जाऊन चरे पडतात. मग फडकं भिजवून इतकं पिळलं की थेंब पडणार नाही, कारण थेंब ओघळून खालच्या फटीत गेला की आतल्या सर्किटला धोका. बोटांचा दाब न देता वरून खाली, मग फडक्याची दुसरी घडी, परत वरून खाली, आणि लगेच कोरड्या फडक्यानं टिपलं. पहिल्या फेरीत अजून वाईट दिसायला लागलं, सगळा थर सैल होऊन पसरला होता, तुम्ही आधीच सांगितलं होतं म्हणून धीर धरला. चौथ्या फेरीला फराटे गेले. थेंबांची रांग मात्र हलेना, मग मॅन्युअल उघडलं, माझ्या मॉडेलला 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं असं त्यात स्पष्ट होतं म्हणून फडक्याच्या टोकाला जरासं घेऊन तेवढ्याच जागी दोनदा हलकं फिरवलं. काही थेंब गेले, काही फिके झाले, तेवढ्यावर थांबले.

उजव्या कोपऱ्यात नखाएवढा एक डाग राहिला. त्याचा फोटो घेऊन मी परत आले, तुम्ही कंटाळाल अशी भीती वाटत होती, पण तुम्ही गिऱ्हाईक थांबवून बघितलंत. विचारलंत, ओलं केल्यावर कड सरकते का? नाही, ओलं असो कोरडं असो आकार तस्साच. मग हा डाग नाही ताई, इथं स्क्रीनवरचं कोटिंग गेलंय, आता याला हात लावू नका. तिथं मी घासणी फिरवली होती हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, आज सांगते. तुम्ही सांगितलं नसतंत तर त्या नखाएवढ्याचा तळहात झाला असता, कारण मी घासत राहिले असते.

दोन्ही अंक वेळेत छापायला गेले. तुम्ही डोळे तपासायचे सोडून एक पैसा घेतला नाहीत, आणि ते पण मी बळेच दिले.

रविवारी फ्रेमचा स्क्रू टाईट करायला येतेय. कॅनमध्ये अजून चार लिटर पाणी आहे, तुमच्या त्या चष्मे धुवायच्या मशिनच्या टाकीला पांढरी कड आलेली मी बघितली होती, तर दोन बाटल्या भरून आणते, नाही म्हणू नका.