बाळ्या, पुन्हा एम-थ्री

पुणे, मंगळवार रात्र

प्रिय बाळ्या,

आठ महिने पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. माझं बरं आहे, शुगर होती तिथेच आहे.

आमच्या मटेरियल्स लॅबमध्ये उन्हाळ्यात दोन महिने एका विद्यार्थ्याला रिसर्चला घेतात. पैसे शून्य, पण भट्टी, हार्डनेस टेस्टर, आणि नंबर लागलाच तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपही. यंदा निवड माझ्या गळ्यात. सगळ्यांना ईएन-८ पोलादाचं एकेक सॅम्पल दिलं, कापून माउंट केलेलं. म्हटलं पॉलिश करा, २ टक्के नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक ॲसिड) लावा, काय दिसतं ते सांगा.

टॉपर पोरीनं ७२७ अंश, पांढरा फेराइट, कार्बनवाला काळपट पर्लाइट, सगळं धडाधड म्हणून दाखवलं. सॅम्पलवर मात्र चुकीच्या पॉलिशनं धूमकेतूंच्या शेपट्या. आणि एक सांगलीचा पोरगा. २२० पासून १२०० नंबरपर्यंत दर पॉलिश कागदाला सॅम्पल ९० अंशात फिरवणार, मागचा ओरखडा गेल्याशिवाय पुढच्या कागदाला हात नाही. जीभ बाहेर, थेट तुझ्यासारखी. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर कड शाबूत! कड, बाळ्या! माझी कायम गोल व्हायची. (तुझी नाही. घे, एवढ्या वर्षांनी कबूल केलं.)

वर मलाच विचारतो, "सर, कडेला नुसतं पांढरं का? पर्लाइट कुठे गेला?" ते लोखंड ८५० ला रात्रभर उघड्या भट्टीत विसरलं होतं, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "कार्बन हवेनं खाल्ला का?"

त्याला केटी आहे, एक विषय राहिलाय. एम-थ्री, तेच आपलं तिसरं गणित. हसू नकोस.

नियमात केटीवाला बसत नाही. मी पोरीच्या नावावर सही केली. पोरगी वाईट नाही, शिकेल. पण सही करताना तोंडातून निघालं, "नियम म्हणजे नियम," आणि तुझी जागा मला मिळाली त्या दिवशी कॅन्टीनमध्ये तू फेकलेला वडापाव आठवला. तेव्हाही मी हेच म्हणालो होतो ना? शर्टाचे पैसे मात्र अजून देणं आहेस.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिनूची दहावी यंदाच ना? भोसरीची नवी भट्टी लागली का? लागली असेल तर जून-जुलै त्या पोराला तुझ्याकडे ठेव. तुझ्या त्या म्हाताऱ्या मायक्रोस्कोपवरही तो काम काढेल. जेवणाचं बघ, खोलीचं मी बघतो.

आणि त्याला एम-थ्रीचं काही विचारू नकोस.

तुझा,
दिग्या