काचेच्या बरणीतली तुळस

एडिसन, न्यू जर्सी
12 जानेवारी

प्रिय नंदा,

‘तिकडच्या थंडीत तुमची तुळस जगते तरी कशी गं?’ असं विचारलं होतंस. खरं सांगू? बाहेरची जगत नाही. ऑक्टोबर सरता सरता एखादी रात्र अशी येते की सकाळी सगळी पानं उकडल्यासारखी काळी पडून लोंबत असतात. आणि तुळशीचं लग्न कार्तिकात! पहिल्या वर्षी मी ऊस, चिंचा-आवळे सगळं आणून ठेवलं होतं, आणि कुंडीत नुसत्या काळ्या काड्या. त्या दिवशी मला फार रडू आलं.

दुसऱ्या वर्षी अख्खी कुंडीच घरात घेतली. हीटरची हवा इतकी कोरडी की कोळी नावाची बारीक कीड लागली, पानांखाली बारीक जाळी धरली, आणि डिसेंबरात झाडाचा खराटा झाला. मग शेजारच्या नागपूरच्या काकू म्हणाल्या, ‘अगं, झाड कशाला नेतेस, फांद्या ने.’

तेव्हापासून सप्टेंबरअखेर, रात्री 10 अंशांच्या खाली जायच्या आत, मी फांद्या घेते. मंजिरी न आलेला कोवळा शेंडा, साधारण 10 सेंटीमीटरचा, पेराच्या, म्हणजे पान फुटतं त्या सांध्याच्या, अगदी खाली कापायचा. मुळं पेरातूनच फुटतात, म्हणून खालची पानं काढून निदान एक पेर पाण्यात बुडेल असं ठेवायचं. पान मात्र पाण्यात राहता कामा नये, लगेच कुजतं. पाणी दोन-तीन दिवसांनी बदलायचं. आठ-दहा दिवसांनी पेराशी पांढरे ठिपके दिसतात, रव्याच्या कण्यांएवढे. मग त्यांचे दोरे होतात. सकाळी चहा ठेवायच्या आधी मी बरणी उजेडात धरून तेच बघते.

दोरे दोन बोटं लांब झाले की मातीत लावते. पाण्यातली मुळं नाजूक असतात, त्यामुळे पहिला आठवडा माती कोरडी पडू देत नाही. नंतर मात्र हात आवरायचा. थंडीत वाढ थांबलेली असते, जास्त पाण्याने मूळच सडतं. खत तर मार्चपर्यंत नाहीच.

मनीप्लांट आणि कोलियसचंही असंच, ती बिचारी काही त्रास देत नाहीत. जिरेनियमचं उलटं. त्याची फांदी कापून दिवसभर सावलीत सुकू द्यायची आणि मग वाळूमिश्रित मातीत खोचायची. ओल टिकावी म्हणून मी त्यावर प्लॅस्टिकची पिशवी घातली होती, तर सगळ्या बुडापासून काळ्या पडल्या.

इथे खरी टंचाई उजेडाची. डिसेंबरात दिवस जेमतेम सव्वानऊ तासांचा. म्हणून वर एलईडीची नळी लावलीय, रोज 14 तास. आणि रात्री कुंड्या खिडकीपासून आत ओढते, काच बर्फासारखी गार पडते ना.

यंदाचं लग्न त्या बरणीतल्या तुळशीशीच लावलं. सहा इवलीशी पानं, बरणीला हळदकुंकू, बाजूला उसाचं कांडं. मंगलाष्टकं काकूंनी म्हटली. नंदा, मला ती तुळस अंगणातल्याएवढीच खरी वाटली.

मेच्या मध्यापर्यंत थंडीची धास्ती असते. मग आठवडाभर रोज थोडा वेळ सावलीत बाहेर ठेवून सवय करीन, आणि नंतर अंगणात लावीन.

तुझी तुळस आता मंजिऱ्यांनी लगडली असेल. थोड्या खुडत जा, नाहीतर झाड लवकर जून होतं. आणि आईंचे गुडघे आता कसे आहेत, ते सविस्तर लिही.

तुझीच,
वैशू