शिक्का मारणाऱ्या साहेबांना, एका कारकुनाकडून

प्रति,
मा. हिल्बेर्तो बोस्केस साहेब,
माजी कॉन्सुल जनरल, मेक्सिको, मार्सेय (फ्रान्स)

विषय : आभार मानणेबाबत.
संदर्भ : जर्मन लेखिका आना सेगर्स यांची ‘ट्रान्झिट’ ही कादंबरी.

महोदय,

विषय आणि संदर्भ टाकल्याशिवाय माझ्या हातून पत्र सुरू होत नाही, तेवढं सांभाळून घ्या. चौतीस वर्षं तहसील कचेरीत काढली, त्यातली बरीचशी दाखल्यांच्या टेबलावर. तुम्ही १९९५ साली गेलात, १०२ वर्षांचे होऊन. तेव्हा मी खिडकीत बसून शिक्के मारत होतो आणि तुमचं नाव कधी कानावरही आलं नव्हतं.

कादंबरी मुलीनं दिली. “बाबा, वाचा. सगळं तुमच्या ऑफिसातलंच आहे,” म्हणाली. हे काही कौतुक नव्हतं, ते मला कळलं. इंग्रजी भाषांतर, शेजारी डिक्शनरी, रोज जेवणानंतर चार पानं. दीड महिना लागला.

तुम्हाला मार्सेय मी काय सांगणार! पण हे पत्र इतरही वाचतील, म्हणून लिहितो. १९४० च्या जूनमध्ये पॅरिस पडलं. फ्रान्सनं जर्मनीशी शस्त्रसंधी केली, त्यातलं १९ वं कलम असं की जर्मनी मागेल त्या जर्मन माणसाला हवाली करायचं. हिटलरपासून पळालेले ज्यू, कम्युनिस्ट, लेखक, चित्रकार, आणि त्यांच्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोकडून हरून आलेले स्पॅनिश लोक, सगळे सरकत सरकत या बंदरात येऊन अडकले. निघायला काय काय लागायचं? पोहोचायच्या देशाचा व्हिसा. वाटेतल्या देशांचे ट्रान्झिट व्हिसे. बोटीचं तिकीट. फ्रान्स सोडायचा परवाना. प्रत्येकाला मुदत. तिसरा कागद हातात येईपर्यंत पहिला बाद. गावात राहायलाही परवाना लागायचा, आणि तो मिळायचा कशावर? आपण इथून निघून जाणार आहोत, याच्या पुराव्यावर! चौतीस वर्षांत मी पुष्कळ जी.आर. वाचले, पण इतकी चोख कोंडी कुणी बांधलेली पाहिली नाही.

कादंबरीत एक म्हातारा संगीत-संचालक आहे. त्याला व्हेनेझुएलात नोकरी मिळालेली असते. एक कागद मिळाला की दुसरा संपतो, आणि शेवटी तो तिष्ठत असतानाच मरतो. एक बाई दोन थोराड कुत्री घेऊन फिरते. कुत्र्यांचे मालक अमेरिकेत, त्यांची हमी मिळाली तर हिला तिकडचा व्हिसा, म्हणून स्वतःआधी कुत्र्यांना जपायचं. वाचताना हसू येतं आणि लगेच आवरावं लागतं.

संचालकापाशी मी पुस्तक मिटलं होतं. मला आमच्या खिडकीतल्या एक मावशी आठवल्या. निराधारच्या पगाराचा अर्ज होता. रेशनकार्डावर नावापुढे ‘बाई’ लिहिलेलं, आधारवर नुसतं नाव. मी म्हटलं, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा. आणलं. तोवर मार्च उलटला आणि उत्पन्नाचा दाखला बाद झाला. म्हटलं, नवा काढा. काढला, तर तलाठ्याचा अहवाल जोडलेला नव्हता. तीन हेलपाटे, दर वेळी एस.टी.चं भाडं आणि एका दिवसाची मजुरी. मी एकही नियम मोडला नाही. तिन्ही वेळा मी बरोबरच होतो. त्या चौथ्यांदा आल्या नाहीत.

आता तुमच्या कचेरीची गोष्ट. निवेदकाचं खरं नाव कादंबरीत शेवटपर्यंत कळत नाही. पॅरिसमध्ये आत्महत्या केलेल्या एका लेखकाची कागदपत्रं तो मेक्सिकोच्या वकिलातीत द्यायला येतो. तिथं त्यालाच तो लेखक समजतात, आणि तो ते समजू देतो. मेलेल्या माणसाच्या व्हिसावर जिवंत माणूस! सेगर्सबाईंना, त्यांच्या दोन मुलांना, छावणीत डांबलेल्या त्यांच्या नवऱ्याला तुम्ही मेक्सिकोचा व्हिसा दिलात, २४ मार्च १९४१ ला त्या बोटीत बसल्या, आणि पुढे बाईंनी गोष्टीत फसवलं ते तुमच्याच कचेरीला! मी इतक्या मोठ्यानं हसलो की आतून बायकोनं विचारलं, काय झालं. मग वाटलं, त्या टेबलावर मी असतो तर ओळख पटवून घेतल्याशिवाय कागद पुढे सरकू दिला नसता, आणि कादंबरी पहिल्या तीस पानांतच संपली असती.

‘ट्रान्झिट’ १९४४ मध्ये आधी इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये छापली गेली. जिच्यात ती लिहिली त्या जर्मन भाषेत ती पुस्तकरूपानं यायला १९४८ उजाडलं. कागदांचे हाल पुस्तकालाही चुकले नाहीत.

कादंबरीत जे नाही ते नंतर शोधून वाचलं. मार्सेयच्या बाहेर तुम्ही दोन हवेल्या भाड्यानं घेतल्यात, ला रेनार्द पुरुषांसाठी आणि मोंग्रां बायकामुलांसाठी. नुसता व्हिसा देऊन माणूस बोट मिळेपर्यंत जगत नाही, त्याला जेवण आणि छप्परही लागतं, हे तुमच्या लक्षात आलं. मुळात शिक्षक ना तुम्ही! शिक्षकाला पोरांचा डबा दिसतो.

१९४२ च्या नोव्हेंबरात जर्मन फौजा दक्षिण फ्रान्समध्ये उतरल्या. मेक्सिकोनं जर्मनीच्या कलानं चालणाऱ्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारशी संबंध तोडले, आणि तुम्हाला बायकोमुलं आणि कर्मचाऱ्यांसह पकडून जर्मनीत बाद गोडेसबर्गला ठेवलं. साधारण वर्षभर. नेमक्या त्याच नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये ‘कॅसाब्लांका’ हा सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला. त्यातही निर्वासितांची वाट पॅरिसहून मार्सेयलाच येते आणि समुद्रापलीकडे जाते. कुणालाही अडवता येणार नाही असे दोन जादूचे परवाने त्या सिनेमात आहेत. तसे कागद जगात कधी नव्हते. आपल्या खात्यातल्या माणसाला ते बघताच कळतं. पण त्यातले कितीतरी नट खरोखरच युरोपातून पळून आलेले होते, आणि खानावळीत सगळे उभे राहून फ्रान्सचं राष्ट्रगीत म्हणतात तिथं माझाही गळा दाटतो. परवान्यांचं मग मी मनावर घेत नाही.

‘ट्रान्झिट’वर ख्रिस्तियान पेट्झोल्डनं २०१८ साली सिनेमा काढला. पात्रं तीच, पण रस्त्यावर आजच्या मोटारी आणि आजचे पोलीस. जुने कोट-हॅट, जुन्या गाड्या काही नाही. पहिली दहा मिनिटं मी गोंधळलो. मग नायक एका लहान मुलाचा बिघडलेला रेडिओ दुरुस्त करायला बसतो तिथं सगळं जागेवर आलं. सिनेमा म्हणून मला हा ‘कॅसाब्लांका’पेक्षा खरा वाटतो. घरात माझं मत एकट्याचं पडलं.

आमच्या कोल्हापूरशेजारी वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडचे निर्वासित राहिले, पाचेक हजार माणसं. माझे वडील त्यांच्या बाजारहाटाच्या गोष्टी सांगायचे. तिथंही कुणीतरी रजिस्टर ठेवलंच असणार, नावं चुकत-माकत लिहिली असणार. पोलिश नाव मोडीत किंवा बाळबोधीत कसं उतरवायचं? त्या कारकुनाबद्दल कुणी काही सांगत नाही.

तर आभार कशाचे, ते लिहितो. निवृत्तीला दोन वर्षं होती तेव्हा कादंबरी वाचून झाली. नियम मी त्यानंतरही मोडले नाहीत, तेवढी छाती नाही. फक्त एक चिठ्ठी सुरू केली. अर्ज पहिल्यांदा समोर आला की शेवटपर्यंत वाचायचा, असतील तेवढ्या सगळ्या त्रुटी एकदमच लिहून द्यायच्या, आणि कुठला कागद शेवटी काढायचा तेही, म्हणजे त्याची मुदत आधीच संपणार नाही. शेजारचे म्हणायचे, “भाऊसाहेब, गिऱ्हाईक वाढवताय.” पाठकोऱ्या कागदाचे तुकडे करून खणात ठेवलेले असायचे. दोन वर्षांत खण किती वेळा भरला आणि रिकामा झाला, मोजलं नाही.

याबद्दल मी आपला आभारी आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त अव्वल कारकून

प्रत माहितीसाठी : त्या मावशींना. (पत्ता अर्जावर होता. अर्ज मी परत केला.)