चंद्रीला नंदुरबारला नेताना

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

केळीच्या बागेच्या काटेरी तारेने आपल्या लहान जातीच्या घोडीचा, चंद्रीचा, पुढचा पाय फाटला आणि गावच्या डॉक्टरांनी फळी बांधून एक्स-रे काढायला सांगितले, हे कळल्यापासून चैन नाही. तिला नंदुरबारला न्यायचे ठरवलेत ते योग्यच झाले. काळजी आहे ती वाटेची, म्हणून प्रशांतच्या हाती हे पत्र पाठवत आहे.

चंद्रीची उंची 34 इंचांच्या आत असल्याने तिला शेळीसारखी उचलून गाडीत ठेवावी असे कोणालाही वाटेल. परंतु घाबरलेला घोडा लहान असला तरी जोरात लाथ झाडतो, त्यात तिचा पाय आणि बाबांची कंबर दोन्ही धोक्यात येतील. त्यापेक्षा पिकअप विहिरीजवळच्या बांधाला मागून अशी लावावी, की गाडीचा तळ बांधाच्या पातळीत येईल आणि ती स्वतःच सावकाश आत चालत जाईल. तळाशी गोणपाटांवर कडब्याचा जाड थर हवा, कारण पत्र्यावर खूर घसरतात.

आत गेल्यावर तिला वळवून तोंड मागच्या फाळक्याकडे करावे. ब्रेक लागला की भार गाडीच्या पुढच्या दिशेने जातो. पुढचा पाय दुखरा असताना तो भार मागच्या पायांवर पडलेला बरा. दोन्ही बाजूंना कडब्याच्या पेंढ्या रचून आधार द्यावा, मात्र तोल सांभाळायला मान मोकळी ठेवावी आणि दोर एका ओढीत सुटेल असा बांधावा. बाबा, तुम्ही मागे तिच्याजवळ बसू नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

डॉक्टरांनी बांधलेली पट्टी सोडू नये, हळद किंवा मलम लावू नये आणि वेदनाशामक गोळी आपल्या मनाने देऊ नये. तार लागलेली असल्याने धनुर्वाताचे इंजेक्शन कधी दिले होते तो कागद सोबत घ्यावा. घोड्यांना हा आजार फार लवकर होतो. तिने दिवसभर चारा तोंडात घेतला नाही, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. एवढ्या लहान जातीच्या घोड्यांत उपाशी राहिल्याने रक्तात चरबी साचते आणि ते जिवावर बेतू शकते.

वैशाखातले ऊन लक्षात घेऊन पहाटेच निघावे. पिकअप मिळाली नाही, तर 1962 या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करावी. एक्स-रेचे यंत्र चालू आहे का, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि पोहोचल्यावर मला कळवा.

तुमची लेक,
सुनंदा